चांदबीची जागा

मी सातवी पास होतो. आमच्या गावात त्या काळी एवढं शिकलेला दुसरा माणूस म्हणजे शाळेचे मास्तर, आणि ते परगावचे. त्यामुळे कागदाचं काही निघालं की लोक माझ्याकडं बघायचे आणि मलाही ते फार गोड वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या त्या शहाणपणानं झालं.

आमचं गाव निमोण्याच्या पलीकडं, ओढ्याकाठी. एकोणसाठ साली तिथं जमिनीचं एकत्रीकरण आलं. ज्याची रानं चार ठिकाणी विखुरलेली त्याला अदलाबदल करून ती एका जागी द्यायची, असं ते काम. साहेब चावडीत बसले आणि एकेका तुकड्याची माहिती लिहून घेऊ लागले. विहीर आहे का, झाडं किती, आणखी काय आहे.

ओढ्याला आमच्या रानाला लागून अल्लाबक्षचाचांचा तीस गुंठ्यांचा तुकडा होता. चाचा गावचे मुलाणी. जत्रेच्या बकऱ्याला सुरी लावायचा मान त्यांचा. बाकी वर्षभर आमच्यासारखीच ढेकळं फोडायची. गावात मुसलमानांची तीनच घरं, कबरस्तान थेट शिरूरला. म्हणून ज्याचं माणूस त्याच्याच रानात दफन करायची रीत पडली होती. चाचांच्या त्या तुकड्यात एकच कबर होती, त्यांच्या धाकट्या चांदबीची. सहा वर्षांची पोर गोवरानं गेली. कबर मातीचीच, डोक्याशी एक दगड, पायाशी एक. जन्नतचाची दर गुरुवारी तिथं जाऊन घटकाभर बसायची आणि मग खुरपायला लागायची.

चावडीत जायच्या आदल्या दिवशी चाचांनी मला विचारलं की कबर सांगायची का. मी पायावर पाय टाकून सांगितलं, कबर लिहिली की ते रान कबरस्तान ठरतं आणि कबरस्तान सरकारजमा होतं, तीसच्या तीस गुंठे जातील. हे मी कुठल्या कागदात वाचलं नव्हतं. शिरूरच्या एका हॉटेलात चहा पिताना कुणीतरी कुणाला असंच काहीतरी सांगत होतं, तेवढंच माझ्या कानावर पडलं होतं.

चाचांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी दोन्ही दगड काढून ओढ्यात टाकले आणि माती सारखी केली. चाचीला ते पटलं नव्हतं, पण रान जाईल म्हटल्यावर तिनं मान डोलावली. खूण म्हणून बांधावरची बाभूळ होतीच. तिच्या बुंध्यापासून ओढ्याच्या अंगाला अकरा पावलं, असं तिनं मोजून ठेवलं. चाचांनी ‘काही नाही’ म्हणून अंगठा दिला. माझे वडील मारुतराव, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पंच होते. त्यांना कबर ठाऊक होती; शेजाऱ्याचं रान वाचावं म्हणून त्यांनीही सही केली.

पुढच्या साली याद्या लागल्या आणि तो तुकडा आम्हाला आला. चाचांना त्याच्या बदल्यात त्यांच्या विहिरीजवळचं आमचं रान मिळालं. कागदावर बघितलं तर सौदा दोघांच्याही सोयीचा. हरकत घ्यायची तर कशावर घेणार? ‘काही नाही’ असं त्यांनीच लिहून दिलेलं. चाचा आबांकडं आले आणि ओसरीवर टेकले. आबांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून सांगितलं की सातबारा आमच्या नावावर झाला तरी ती जागा तुमचीच, तिथं नांगर लागणार नाही. चाचा डोळे पुसत गेले.

मग ताबा मिळाला. आबा कमरेनं अंथरुणाला खिळलेले, चाची थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला दौंडला गेलेली, चाचा विहिरीच्या रानात गुंतलेले. आणि मला हौस केवढी, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात नांगराचं तास जावं. मधला बांध मी दोन दिवसांत काढला. बाभूळही मुळासकट पाडली, लाकूड चांगलं निघालं. कबर मी विसरलो नव्हतो, तेवढा नीच मी नाही. अंदाजानं खाटेएवढी जागा सोडून बाकी सगळं नांगरलं, वर फळी फिरवून सपाट केलं. येणारेजाणारे थांबून नावाजत होते.

चाची सव्वा महिन्यानं परतली. गुरुवार होता. गाडीतून उतरली ती घरी पिशवी टाकून तडक रानात आली. मागोमाग चाचाही आले. मी पुढं होऊन माझी सोडलेली जागा दाखवली. तिनं बघितलं आणि म्हणाली, “हितं न्हाई.”

ती बाभूळ शोधत होती. बाभळीचं मी सांगितलं. मग म्हणाली, “बांध कुठं हुता तेवढा दाव.”

मी दोन दिवस ज्या बांधाशी झटलो होतो तो कुठं होता ते मला दाखवता येईना. एक जागा दाखवली. ती तिथून अकरा पावलं चालली आणि खाली बघत उभी राहिली. मग मला वाटलं, बांध थोडा अलीकडं असावा. ती परत आली, पुन्हा अकरा पावलं चालली. असं चार वेळा झालं. चारही वेळा ती वेगळ्याच जागी पोचली. शेवटी तिथंच खाली बसली. मला आजही ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

बसल्या बसल्या तिनं चाचांना विचारलं. दौंडला तिच्या भावानं, बाबुलालनं, सांगितलं होतं की तिकडच्या खेड्यांत कबरी लिहून घेतल्या आणि त्या जागच्या जागी राहिल्या. कुणाचंही रान गेलं नाही.

“सरकारजमा व्हतंय असं तुमाला कुणी सांगितलं?”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

“कुणी न्हाई,” चाचा म्हणाले. “माझ्याच डोस्क्यात आलं.”

त्या दिवसापासून चाची त्यांच्याशी बोलायची बंद झाली. भाकरी करून वाढायची, आजारपणात उशाशी बसायची, पण शब्द नाही. सहा वर्षं. त्या रानातही ती पुन्हा आली नाही. आबांनी ते सगळं रान पडीक टाकायचं ठरवलं, तर तिनं माझ्या आईकडून निरोप धाडला की पडीक टाकून पोर सापडणार नाही, पेरा. आम्ही पेरलं. चाचा बांधाबांधानं जाताना मला दिसायचे, नेहमीसारखे हसून हाक मारायचे. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, आणि मी चाचीला खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. माझ्यात तेवढी धमक नव्हती.

सहासष्ट साली चाचा गेले. बाबुलाल दौंडहून आला. मयत शिरूरच्या कबरस्तानात न्यायची म्हणून तो बैलगाडीचं बघू लागला. चाची उठून आमच्या ओसरीशी आली. आबा काठी टेकत बाहेर आले.

“मारुतभाऊ,” ती म्हणाली, “त्यास्नी वड्याच्या रानात जागा द्या. कुठं बी द्या. पोर कुठं हाय ते आता त्येच हुडकतील.”

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी कुदळ घेतली.

खड्डा मी कुणाला खणू दिला नाही. एकेक घाव जपून घालत होतो. कुदळीला काही लागेल अशी भीती होती, आणि मनातून वाटत होतं, लागू दे. निदान ती जागा तरी सापडेल. चाची काठाशी येऊन उभी राहिली होती. बायकांनी तिथं यायची रीत नव्हती, पण तिला कुणी अडवलं नाही.

खड्डा छातीपर्यंत झाला तेव्हा तिनं वाकून विचारलं, “जालिंदर, काय लागलं का रं?”

सगळी माती काळीभोर, स्वच्छ होती.

“न्हाई, चाची.”

ती म्हणाली, “बरं. मग आना त्यास्नी,” आणि घराकडं चालू लागली.