आमटी बघतेस का?

गौरी जेवायच्या दिवशी बालीगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून पुरणाचा वास दरवळत होता. खाली रस्त्यावर पावसाचं पाणी तुंबलं होतं, पण वर स्वयंपाकघरात वृंदाला खिडकीबाहेर बघायलाही सवड नव्हती. एका शेगडीवर कटाची आमटी, दुसरीवर अळूची भाजी, आणि ती स्वतः पाट्यावर पुरण वाटत बसलेली.

वृंदा ही घरातली धाकटी जाऊ. नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी, श्रीधररावांनी, तिला कलकत्त्याला आपल्या घरी आणलं. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणाले. मन मोठं होतं हो, नाही कसं म्हणू! फक्त ती आली त्याच आठवड्यात स्वयंपाकघर तिच्या गळ्यात पडलं ते कायमचंच.

"काकू, आमटीत मीठ घातलंस?" आठ वर्षांची लीना विचारत होती. ती श्रीधररावांची एकुलती एक. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलायची ते अर्धं बंगालीत बुडवून.

"घातलं की."

"चव बघितली नाहीस. कसं कळलं?"

"गौरीच्या आधी आपण चाखायचं नसतं, राणी. वासावरून कळतं."

लीनानं काकूचा हात ओढून नाकाशी धरला. जायफळ, वेलदोडा, गूळ. "इश्, काकू, की शुंदोर गंध!"

वृंदा हसली. आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "एकदा तरी मलाही पाटावर बसून गरम पोळी खायची आहे बघ. कुणीतरी वाढतंय आणि मी खातेय."

"मग बस ना!"

"वेडी कुठली."

तेवढ्यात उज्ज्वला आत आली. श्रीधररावांची बायको, शाळेत शिकवणारी, महिला मंडळात हुंड्याविरुद्ध तावातावानं भाषण केलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातली. वाईट नव्हती हो. भित्री होती.

"वृंदा, बायका आल्या की दार लोटून घे हं. मी नाही गं मानत असलं काही, पण शकुनताई असतात..."

"सवय आहे, ताई," वृंदा म्हणाली. पुरण तिचं चालतं, पोळ्या तिच्या चालतात, दाराबाहेर तिचं तोंड तेवढं चालत नाही! हे शास्त्र कुणी लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण त्यानं स्वतः कधी पुरण वाटलं नसावं.

दुपारी नैवेद्य झाला. रांगोळ्या घातल्या, पाट मांडले, केळीची पानं वाढली. शकुनताई आल्या, आणखी दोघी आल्या. शकुनताईंच्या तीन पिढ्या कलकत्त्यात गेलेल्या. इथल्या मराठी घरांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. बसताबसता त्यांनी सांगितलं, "डमडमची प्रेमलता काही यायची नाही. रुळांवर पाणी आहे, गाड्या बंद. पण वाढलेलं पान रिकामं ठेवू नये, उज्ज्वला. कुणीतरी सुवासिनी बघ."

"लीना," उज्ज्वला वाढतावाढता म्हणाली, "पळ, एक सुवासिनी बोलावून आण."

"सुवासिनी माने की? म्हणजे काय?"

"अगं, जा म्हटलं ना!"

पोरगी विचारात पडली. सुवास म्हणजे चांगला वास, हे तिला ठाऊक होतं. बंगालीतही तसंच म्हणतात. मग ज्या बाईला सुवास येतो ती सुवासिनी. त्यात काय कठीण! ती थेट स्वयंपाकघरात पळाली.

"काकू, चल! आईनं पाटावर बोलावलंय."

वृंदाची पोळी तव्यावरच राहिली. "मला? ताईंनी? खरंच?"

"खरंच! दिव्वी! शपथ!"

वृंदानं तवा उतरवला. हात धुतले, पदर सारखा केला. इतक्या वर्षांनी ताईंना सुचलं, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले. ती बाहेर आली आणि रिकाम्या पाटावर बसली.

"ही बघ आई, सुवासिनी!" लीना टाळ्या पिटत म्हणाली. "हिच्या हाताला सगळ्यात छान सुवास येतो!"

कुणी हसलं नाही. शकुनताईंनी आपलं पान दोन बोटांनी पुढं सरकवलं आणि उज्ज्वलाकडं पाहिलं. वृंदानंही उज्ज्वलाकडंच पाहिलं.

त्या क्षणी उज्ज्वलानं नुसतं "वाढू का पोळी?" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती म्हणाली,

"वृंदा, जरा आमटी बघतेस का?"

किती गोड आवाजात म्हणाली! सांगतानासुद्धा मला लाज वाटते.

"बघते हं, ताई." वृंदा उठली आणि आत गेली. दार तिनं स्वतःच लोटलं.

जेवणं सुरू झाली. पुरण कसं मऊसूत झालंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. लीना मात्र आईचा पदर ओढत राहिली. "काकूला का उठवलंस? सुवासिनी माने की, आई?"

"जिचा नवरा... जिचा नवरा असतो ती."

लीनानं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. तिथं बाबा पेपर वाचत होते. "मग बाबा मेले की तुलापण उठवणार?"

"शिव शिव! काय अभद्र बोलते कार्टी!" शकुनताई ओरडल्या. आतली पेपराची सळसळ थांबली.

उज्ज्वलानं तुपाची वाटी खाली ठेवली. ती आत गेली. आमटी केव्हाची खाली उतरवलेली होती. वृंदा पातेल्यासमोर बसून पळीनं ती उगाच ढवळत होती.

"वृंदा, चल बाहेर. मी वाढते तुला. चुकले गं मी."

वृंदानं मान वर केली नाही. "आता नको, ताई. मघाशी भूक होती."

उज्ज्वला बाहेर आली. जेवणं उरकून शकुनताई निघायच्या तयारीत होत्या, मोठं मन करून म्हणाल्या, "असो. पोरंच ती. पुरणपोळी मात्र झकास हो, उज्ज्वला! तुझ्या हाताला चव आहे."

उज्ज्वलानं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. ती बोलली ती आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मी काहीच केलं नाही, शकुनताई. सगळं वृंदानं केलं. मी फक्त तिला पाटावरून उठवलं. पुढच्या वर्षी या घरात पहिलं पान तिचं. ज्यांना चालेल त्यांनीच यावं."

शकुनताई तडक जिना उतरल्या. लीना आत जाऊन काकूला चिकटून बसली होती.

वृंदानं सगळं ऐकलं, पण ती उठून बाहेर आली नाही. का यावं तिनं? वाचकहो, तुमच्या घरी आज आमटी कोण बघतंय?