दंडावरचा रुपया

माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढा डाग आहे. लहानपणी मी तो पोरांना ऐटीत दाखवत फिरायचो. देवी काढल्याची खूण म्हणजे गावात तेव्हा मोठी गोष्ट होती, कारण देवी टोचणारा डॉक्टर सायकलवर आला की अर्ध्या गावातल्या बाया पोरं काखेत मारून वावरात पळायच्या. माझी माय पळाली नाही. मला मांडीवर घेऊन बसली, टोचताना मी बोंब मारून आळी गोळा केली, मग मायनं तोंडात गुळाचा खडा घातला आणि मी गप झालो. हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की ते मला आठवतंच, असं मी समजून चाललो होतो.

जब्बार या डागाची टर उडवायचा. आमच्या भिंतीला भिंत लागून सरवरीचाचीचं घर, तिचा हा एकुलता एक. देवी डॉक्टर आला तेव्हा तो आजोळी होता, म्हणून त्याचे दोन्ही दंड कोरे राहिले. "तुले काय कमी हाय बे निवृत्ती? रुपया दंडावर घेऊन फिरतं," म्हणायचा. त्याचा मामा मुंबईच्या गोदीत होता. पैनगंगेपेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्या आम्हा दोघांना त्यानं मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लावून दिलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, बुलढाण्यातल्या कचेऱ्यांच्या पाट्याही अजून नव्या होत्या. निघताना चाची मला म्हणाली, "तुह्या भरवशावर पाठवून राह्यली बेटा." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. माय शेजारीच उभी होती.

आफ्रिकेच्या खालच्या अंगाकडून वर एडनला यायचं होतं. लांबचा पल्ला, आमची बोट म्हातारी, आणि मध्ये कुठे थांबायचं नव्हतं. बंदर सुटलं आणि भंडारी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, तापानं पडला. मग त्याच्या तोंडावर फोड आले. देवी! बोटीवर आग लागली तर पंप असतो, भोक पडलं तर बुजवता येतं. देवीला काय करणार? तीसेक माणसं एका लोखंडी पेटीत कोंडलेली, आणि दार कुठेच नाही.

टोचल्याचे शिक्के आम्हा सगळ्यांकडे होते. पण ते मुंबईत कसे मिळतात हे आमच्या मुकादमाला, सारंगाला, पक्कं माहीत होतं. त्यानं कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि सदरे काढायला लावले. ज्याच्या दंडावर खूण त्यानं आजाऱ्याजवळ जायचं, बाकीच्यांनी त्या खोलीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. माझा डाग सगळ्यांत ठसठशीत. सारंगानं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तू." मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, छाती फुगली होती.

भंडाऱ्याचं अंग पुसायचं, पेज पाजायची, घाण समुद्रात फेकायची. मी सगळं केलं. कडुलिंबाचा पाला तिथे कुठून मिळणार, म्हणून झाडूच्या काडीनं त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. आणि काम झालं की हात धुऊन खुशाल जब्बारच्या शेजारी येऊन झोपायचो. मला काही होणार नाही, मग माझ्यापासून कुणाला काय होणार?

मला ताप भरला तेव्हाही आम्ही दोघं हसलो. ऊन लागलं असेल म्हटलं. जब्बारनं माझे पाय दाबले, त्याच्या पेल्यातून मला पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाळावर पुरळ उठलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

एडनला बोटीवर साथीचं पिवळं निशाण चढवलं आणि आम्हाला गावाबाहेरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. भंडारी वाचला. मी वाचलो, एक डोळा मात्र गेला. मी उठून बसायला लागलो तेव्हा शेजारच्या खाटेवर जब्बारला आणून घातलं. तिथला कंपाउंडर नागपूरकडचा होता. त्यानं माझा दंड उजेडात धरला आणि म्हणाला, "ही टोचल्याची खूण नव्हे. हा बिब्ब्याचा डाग आहे. आमच्याकडे बाया बिब्ब्याच्या तेलाचा चटका देतात." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. माझ्या मायची गोष्ट त्याला ओरडून सांगितली. सायकल, मांडी, गूळ, सगळं.

जब्बार ऐकत होता. त्याच्या तोंडावर तिळाएवढी जागा मोकळी नव्हती. तरी थट्टा केलीच त्यानं. "तुहा रुपया खोटा निघाला बे."

"माही माय खोटं नाई बोलत," मी त्याच्यावर खेकसलो. आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी त्याला तिथल्याच वाळूत पुरलं. मरणाऱ्या दोस्ताशी मी भांडलो, ते मायसाठी.

शेगावला रेल्वेतून उतरलो. एसटीत माझं तोंड पाहून लोकांनी मला अख्खा बाक मोकळा करून दिला. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. जब्बारच्या मामानं गोदीत ऐकून कळवलं होतं की निवृत्तीच्या अंगावरून पोराला लागलं, त्याची खूणच खोटी होती. चाची दारातच बसली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "लोकाईचं मी नाई ऐकत. तुही माय सुभद्रा सांगन ते मी मानतो. सांजेले येतो."

"ये चाची," मी म्हटलं. "मायच्याच तोंडून ऐक."

घरात माय तूर निवडत होती. माझं तोंड बघून रडून झालं, दृष्ट काढून झाली. मग मी तिला कंपाउंडरचं सांगितलं. हसत हसतच सांगितलं, म्हणजे ती आता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करील आणि माझं मन मोकळं होईल. माझी माय अशी की शेजारच्या कोंबडीनं अंगणात पाय टाकला तरी तासभर तोंड चालायचं.

माय म्हणाली, "चहा ठेवू का?"

तिथेच मला कळलं. तरी मी विचारलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

"तुह्या आंधी कडूबा होता. त्याले टोचलं न् तो तापानं गेला. मंग तुले कशी देऊ? डॉक्टर आला तवा तुले कणगीत लपोलं. दुसऱ्या साली पाटलानं लय दम भरला, त म्या बिब्बा गरम केला न् सुईनं लावला. डॉक्टरनं दुरूनच पाह्यलं. तू मांडीवर होता, रडला, म्या गूळ देल्ला. थे सारं खरं हाय रे."

हो, सगळं खरं होतं. फक्त हात डॉक्टरचा नव्हता.

"मी बोटीवर चाललो तवा काऊन नाई सांगतलं? तू उभी होती तथी!"

"तू एवढ्या ऐटीत होता..." ती म्हणाली. "कसं सांगू?" आणि मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "सरवरीले नको सांगू बापू. भिंतीले भिंत हाय. पुरा जनम काढाचा हाय तिच्यासंगं."

जब्बार गेला, माझा डोळा गेला, आणि हिला भिंतीची पडली होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती माझी माय होती, आणि कडूबाचं मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मनात म्हटलं, चाची समोर आली की ही आपणहून सांगेल. तेवढी आशा मला होती.

चाची आली ती उंबऱ्याशीच टेकली. "सुभद्रा, एकच सांग. पोराले टोचलं होतं का नाई?"

माय सुरू झाली. सायकल, मांडी, माझी बोंब, गुळाचा खडा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. लहानपणी मला ही गोष्ट जशी गोड वाटायची तशीच ती चाचीलाही वाटत होती, तिची मान हळूहळू हलत होती. तरी तिनं विचारलं, "पोराची आन?"

मायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "याची आन."

मी मरीन म्हणून जिनं मला सुईखाली दिलं नाही, तिनं माझ्याच डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली. तो हात नेहमीसारखाच ऊन होता. देवीच्या तापात जळालं नव्हतं एवढं माझं अंग तेव्हा जळालं.

मी तो हात डोक्यावरून काढून तिच्या मांडीवर ठेवला. बाही वर केली आणि चाचीसमोर जाऊन बसलो. "चाची, बिब्बा हाय. माह्यापासूनच लागलं जब्बारले."

चाचीनं डागावरून अंगठा फिरवला. बिब्ब्याचा डाग कुठल्या बाईला ओळखू येत नाही? आजवर तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता, एवढंच. ती उठली आणि आपल्या घरात गेली. कडी लावल्याचा आवाज आला. आमच्या आळीत त्या वेळी कुणी कडी लावत नाही.

माय माझ्यावर चवताळून उठली. "तीस वर्साचा घरोबा! एका घडीत बिब्बा घातला तू दोन घराईत!"

मी बाही खाली केली. "म्या घातला?" मी विचारलं.

तिनं सूप पुढे ओढलं आणि तूर निवडायला लागली.