उत्तरेकडे तोंड

मी कासव बोलतोय. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

माझं कूळ आफ्रिकेतलं, कोरड्या रेताड जमिनीवरचं. भारतात आलो तो चोरून, कुणाच्या तरी पायमोज्यात गुंडाळलेला. तेव्हा मी लिंबाएवढा होतो. जबलपूरच्या सदर बाजारात माशांच्या एका दुकानात मला मागच्या खोलीत लपवलं होतं. तिथं भय्यासाहेबांची नजर माझ्यावर पडली.

"पानी में रखिए, मुँह उत्तर की तरफ. लक्ष्मी खुद चलकर आएगी. और ये बड़ा नहीं होगा, इतना ही रहेगा," दुकानदार म्हणाला. माझ्या आईलाही ठाऊक नसलेल्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या.

जबलपूरच्याच अधारताल भागातल्या घरी देवघरात ताम्हणात पाणी घालून मला ठेवलं. भय्यासाहेब निवृत्त इंजिनियर, पण माझ्यापुढे त्यांचं सगळं शास्त्र हात जोडून उभं राही. रोज अंघोळ झाली की ते मला उत्तरेला वळवत. ऊन मात्र दक्षिणेच्या दारातून येई, म्हणून दुपारपर्यंत मी ताम्हणातून उतरून दाराकडे निघालेला असे. "पुन्हा फिरला लेकाचा!" म्हणत ते मला उचलून आणत. दोघंही हट्टाला पेटलेले.

मुलगी वसुधा नोकरीला लागली, माझ्यामुळे. भय्यासाहेबांच्या पत्नी नंदाताईंचा गुडघा दुखायचा थांबला, तोही माझ्यामुळे. दर वेळी मला पेढा. गवत खाणाऱ्या प्राण्याला पेढा! पण फुकटचं श्रेय कुणाला नको असतं?

आणि मी वाढलो. ताम्हणातून परातीत, परातीतून घमेल्यात. लक्ष्मी आली की नाही ठाऊक नाही, मी मात्र देवघरात मावेना. पण पाय लटपटायला लागले, नाक वाहायला लागलं.

"बाबा, वनविभागाला फोन करते मी," वसुधा म्हणाली. "ये तो मर जाएगा."

"काहून फोन? बिनकागदाचं जनावर आहे, मलेच आत टाकतील. अन् हा गेला तर घराचं काय?"

एका सकाळी मला वळवताना त्यांचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला आणि पाठ आत दबली. कासवाची पाठ! भय्यासाहेब तिथंच खाली बसले.

"नंदा, पाहून राहिली का? आपलं घर सांभाळाले आणला, अन् याचंच घर मऊ पडून राहिलं." खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

फोन शेवटी त्यांनीच केला. वनविभागाची माणसं आली, उन्हागवताविना पाण्यात ठेवलं म्हणून रागावली. भय्यासाहेबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुकानाचा पत्ता सांगितला. त्या मागच्या खोलीतून माझे काही भाऊबंद आणि हिरवे इग्वाना सरडे सुटले.

आता मी शहराबाहेरच्या बचाव केंद्रात असतो. आफ्रिका काही पुन्हा दिसायची नाही, पाठीला पोकही राहणार म्हणतात. पण इथं ऊन आहे, गवत आहे, पाठ घट्ट होतेय.

भय्यासाहेब जास्वंदाची पानं घेऊन भेटायला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी दक्षिणेला तोंड करून ऊन खात होतो. बुटक्या भिंतीवरून त्यांचा हात सवयीनं माझ्याकडे आला आणि मध्येच थांबला.

"तू गेला, पण घरी काही बिघडलं नाही रे," ते म्हणाले. जरा हिरमुसलेच होते. "आता पितळेचा आणला. ठेवला तिथंच बसून राहते. सकाळी उठून काही कामच नाही उरलं."

पानांचा वास आला तसा मी वळायला लागलो. मला वेळ लागतो. ते थांबले. मी समोर आलो तेव्हा त्यांनी सूर्य पाहिला, दिशा लावली आणि डोळे पुसत हसले. "अबे, हे तं उत्तरच होय!"

तेव्हा मंडळी, कासव आणायचंच असेल तर पितळेचं आणा. त्याला पेढाही बाधत नाही. आणि जिवंत कासवाची फारच ओढ लागली, तर इकडे या. येताना जास्वंदाची पानं आणा. तोंड कुठं करायचं, ते माझं मी बघेन.