शनीच्या कड्यातला डोळा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर भिंतीएवढं चित्र टांगलं होतं: शनीची कडी, रेघेला रेघ लागलेली, आणि मधोमध एक काळं वर्तुळ, त्याच्या आत उजळ ठिपका. हुबेहूब डोळा. शेजारची भिंत मुद्दाम पांढरीशुभ्र रंगवून घेतली होती.

"पापणी लववू नका," नेत्रबाबा माइकवरून सांगत होते. "शनी तुमच्याकडे बघतोय. हं, आता भिंतीकडे पाहा. आला का डोळा?"

"आला, आला," शेदोनशे गळ्यांतून एकदम निघालं. पांढऱ्या भिंतीवर खरोखरच डोळा तरंगत होता. कुणी हात जोडले, कुणाला रडू फुटलं.

"ज्याच्यावर त्याची नजर, त्याला औषध कशाला?" बाबा म्हणाले, आणि बरे झालेल्या भक्तांची नावं वाचायला त्यांनी खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढला. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

शेवटच्या रांगेत ताईशेजारी बसलेला ग्रहवाला मात्र भिंतीकडे बघतच नव्हता. ग्रहवाला हे गल्लीनं ठेवलेलं नाव. अवकाशयानानं पाठवलेली ग्रहांची चित्रं साफसूफ करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. तो डोळा त्याच्याच हातून झाला होता, आणि हे त्याला आठ महिने ठाऊक होतं. सांगितलं तर कचेरीत हसं होईल, म्हणून पठ्ठ्या मूग गिळून गप्प बसला होता. चार लोक खुळावले तर आपल्याला काय, असंही त्यानं मनाला समजावलं होतं.

आणि आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमच्या ताई आठ महिने फिरकल्या नाहीत. काचबिंदू आहे त्यांना. थेंब थांबले की नजर कडेकडेनं जात राहते, आणि गेलेली परत येत नाही."

तो तसाच ताईकडे धावला. कपाटात थेंबांच्या बाटल्या होत्या, एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"चित्र तूच नाही का दिलंस?" ताई म्हणाली. "बाबांना मीच नेऊन दाखवलं. माझ्या भावानं केलंय म्हटल्यावर ते खोटं कसं असेल?"

ते वाक्य दिवसभर त्याला खात होतं. आता तो उठला.

"बाबा, ते चित्र मी केलंय. मला थोडं बोलायचंय."

"या, या," बाबा खूश झाले. "दर्शन घडवणारे हात हेच बरं का."

ग्रहवाल्यानं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. त्या पांढऱ्या भिंतीवर आधी शनीचा एक चंद्र आला, मग शनीवरचे ढग, मग नुसतं काळपट आकाश. तिन्ही चित्रांत अगदी त्याच जागी तोच डोळा.

"कॅमेरा तोच, आठवडाही तोच," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात धुळीचा कण बसला की त्याची अशी गोल सावली प्रत्येक चित्रात पडते. म्हणून समोर काहीच नसताना नुसत्या एकसारख्या उजेडाचा एक फोटो आम्ही काढून ठेवतो आणि त्यावरून डाग पुसतो. आमच्या कामातली ही पहिली पायरी. छापखान्याचा माणूस चित्र न्यायला दारात उभा होता, मी घाई केली आणि ती गाळली. तुम्ही हात जोडताय ते धुळीला. आणि माझ्या हलगर्जीपणाला."



"मग भिंतीवर येतो तो कोण?" बाबांनी विचारलं.

ग्रहवाल्यानं प्रोजेक्टर बंद केला. बाबांच्याच थर्मासचं काळं झाकण पांढऱ्या कागदावर धरलं. "पापणी लववू नका. तीस आकडे मोजा. आता भिंतीकडे पाहा."

भिंतीवर झाकण तरंगायला लागलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काळ्या गोलासमोरचा डोळ्याचा भाग विसावतो, बाकीचा उजेडानं थकतो. मग पांढऱ्यावर तेवढाच गोल जास्त उजळ दिसतो. एवढीच युक्ती."

पुढच्या रांगेतली शिवणकामवाली उठली. "बाबा, मग तुमचा चष्मा अजून कसा गेला नाही?"

माइक बिघडलाय, असं बाबांनी सांगितलं. ते सगळ्यांना माइकवरूनच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं. डाव्या बाजूची बरीच नजर गेली होती. उरलेली थेंबांनी टिकेल, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तो डाग पुसलेलं चित्र घेऊन आला. ते टेबलावर पसरून त्यानं ताईच्या डोळ्यांत थेंब घातले आणि तिनं डोळे पुसेपर्यंत थांबला.

"इथे बघ, कड्यात ही पंख्याच्या पात्यांसारखी खळबळ. आत एक चिमुकला चंद्र दडलाय. तो दिसत नाही, पण त्यानं कड्यातला भोवतीचा बर्फ ढवळलेला दिसतो. हे खरं आहे, ताई."

"कुठे?"

"डावीकडे."

ताईनं मान वळवली. अजून वळवली. पार खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा म्हणाली, "हां, दिसलं. सुंदर आहे रे. आठ महिन्यांपूर्वी का नाही आणलंस?"

त्यानं चित्र तिच्या उजवीकडे सरकवलं.

चमत्कार समोर आला तर एवढंच करा: तोच डाग दुसऱ्या चित्रातही आहे का, ते तपासा, आणि तोवर औषध थांबवू नका. आणि ज्याला डागाचं कारण ठाऊक आहे, त्यानं हसं होईल म्हणून थांबू नये. त्याच्या गप्प बसण्याची किंमत भलत्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी भरली जाते.