बाईंचा निरोप

"बाई आहेत का?"

दुकानाचा फोन कान आणि खांद्यात दाबून धरत लाँड्रीवाल्याने शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवली. आवाज मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्याचा होता. म्हातारा माणूस, सूत आणि कापड रंगवून देणारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"नाहीत. बेकरीत गेल्यात."

"आल्या की म्हणावं, एकदा इकडे चक्कर टाका. गटारात रंगाचं पाणी सोडतो म्हणून लोकांनी तक्रार केलीय. नगरपालिकेच्या ऑफिसचा माणूस नोटीस लावून गेला. बाईंनी डोळ्याखालून घातलं तर काहीतरी मार्ग निघेल."

"सांगतो."

"विसरू नका हं. मुदत आठवड्याचीच आहे."

"सांगतो म्हटलं ना, काका."

निरोप द्यायचा नाही असं त्याने तेव्हा काही ठरवलं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण आपल्याच बायकोबद्दल 'गेल्यात' म्हणालो. तेवढ्याने त्याचं डोकं फिरलं.

त्याला सगळे कडकराव म्हणत. कपड्याला खळ कडक, घडी कडक, आणि गिऱ्हाईक उशिरा आलं की बोलणंही कडक. लाँड्री वडिलांनी सुरू केलेली. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची यंत्रं, कोपऱ्यात वाफेचा बॉयलर. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला साध्या रुमालाची घडी घालता येत नव्हती. कडकरावने तिला सगळं शिकवलं. शाईचा डाग कशाने जातो, लोकरीला गरम पाणी का चालत नाही, तापलेल्या इस्त्रीवर थेंब पडला की कसा आवाज यायला हवा. तो बोलायला लागला की ती हातातलं काम थांबवून, मान जराशी कलती करून ऐकायची. असं ऐकणारं माणूस समोर असलं की आपण आहोत त्यापेक्षा शहाणे वाटायला लागतो. पुढे शिकवण्यासारखं काही उरलं नाही आणि ती मानही सरळ झाली. संसारात असं व्हायचंच, म्हणून त्याने ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग एका संस्थेची मुलगी आली. छोट्या दुकानांनी पाणी जपून वापरावं, धूर कमी करावा, कचरा वाटेल तिथे टाकू नये, हे शिकवायला तिला पाठवलेलं होतं. दर दुकानातून एक माणूस तिला हवा होता.

"आम्ही जगाची घाण धुतो. आम्हाला कसली स्वच्छता शिकवता?" असं म्हणून कडकरावने बायकोला पुढे केलं. "तू जा. तेवढीच घटकाभर बसून येशील."

ती बसून आली नाही, डोक्यात भुंगा घेऊन आली. शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते टाकीत साठवून पुढच्या धुण्याच्या सुरुवातीला वापरायचं, असं तिचं म्हणणं.

"गिऱ्हाइकांना कळलं तर आपल्या तोंडाला फेस आणतील," तो म्हणाला.

"फेसाचाच तर धंदा आहे आपला," ती म्हणाली आणि टाकी बसवून घेतली.

एकाही गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. मग तिने बॉयलरच्या उघड्या नळ्यांना जाड वेष्टण गुंडाळून घेतलं, आणि मागच्या खोलीत उभं राहिलं की जीव नकोसा व्हायचा ते थांबलं. बॉयलरला इंधनही पूर्वीपेक्षा कमी लागायला लागलं. हे कडकरावच्या बरोबर ध्यानात आलं होतं. तो कुणाला बोलला मात्र नाही.

बोलायची गरजही नव्हती, बातमी आपल्या पायांनी फिरली. आधी न्हावी आला, मग मोटारी धुणारा, मग बेकरीवाला. "वहिनी, आमच्याकडे जरा बघता का?" ती जायची, बघायची, अडलं तर संस्थेच्या मुलीला विचारायची, पुन्हा जायची. आणि कधीतरी, नक्की कधी ते त्याला सांगता आलं नसतं, लोक तिला वहिनी म्हणायचे थांबले. बाई म्हणायला लागले. आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण 'वहिनी' या शब्दात कडकराव होता. 'बाई' या शब्दात तो कुठेच नव्हता.

एकदा कपाटाची किल्ली मागायला तो बेकरीत गेला होता. ती भट्टीसमोर उकिडवी बसलेली, गालाला राख लागलेली, आणि बेकरीवाला तिला सांगत होता की दार नीट मिटत नाही, आच बाहेर जाते, म्हणून लाकूड जास्त लागतं. सांगणं काही फार मोठं नव्हतं. पण ती ऐकत होती. मान जराशी कलती करून.

कडकराव किल्ली न मागताच परत आला.

बेकरीवाल्याबद्दल त्याला तसला काही संशय आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बेकरीवाला साधा, पोराबाळांचा, पिठासारखाच पांढरा माणूस. त्याच्याशी भांडायचं तर काय म्हणून? माझ्या बायकोने तुझं ऐकलं म्हणून?

रोज जेवताना ती दिवसभराचं सांगायची. न्हाव्याने पाणी तापवायची काय सोय केली, मोटारवाल्याचं तेल कुठे साठवलं. तो 'हं' म्हणायचा आणि ताटातून डोकं वर काढायचा नाही. खरं तर एकेक शब्द त्याच्या कानात जात होता आणि एकेक शब्द टोचत होता.

रंगाऱ्याचा फोन आला त्या रात्रीही ती बोलत होती. भट्टीचं नवं दार बसलं होतं, पहिलाच पाव कसा फुलून आला ते हाताने दाखवत होती. निरोप त्याच्या जिभेच्या टोकावर होता. तो त्यावर घोटभर पाणी प्याला.

दोन दिवसांनी रंगाऱ्याचा पुन्हा फोन आला.

"बाईंना सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग कधी येतायत?"

कडकरावने दाराकडे पाहिलं. ती समोरच्या पायरीवर उभी होती, संस्थेच्या मुलीशी बोलत. दोघी कशावर तरी हसत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"त्या म्हणाल्या, सध्या सवड नाही," तो म्हणाला.

"बरं," रंगारी म्हणाला. "मोठ्या झाल्या आता. चालायचंच."

पुढच्या आठवड्यात ती दुपारी बाहेरून आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून स्टुलावर बसली.

"रंगारीकाकांच्या दुकानाच्या दाराला सील लागलंय."

"अस्सं?" तो एका पँटची घडी जुळवत होता.

"काका बाहेर पायरीवर बसलेत. त्यांना आत जाऊ देत नाहीत. ते म्हणाले, मी सवड नाही म्हणून कळवलं."

घडी काही केल्या जुळेना. त्याने ती मोडली, पुन्हा घातली.

"मग, होती का सवड तुला?" तो म्हणाला. "गावभर उंडारायला सवड आहे, घरच्या दुकानात उभं राहायला नाही. लोकांना काय वाटतं, मी इथे तुझे निरोप घ्यायला बसलोय?"

एवढं बोलून तो वाट पाहत राहिला. तिने काही उलट बोलावं, म्हणजे त्यालाही बोलता येईल.

"तू काय सांगितलंस त्यांना?" शेवटी त्यानेच विचारलं.

"चुकलं माझं, म्हटलं."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"मग काय सांगू? माझा नवरा खोटं बोलला, असं सांगू?"

ती उठली, पिशवी खुंटीला लावली आणि मागे यंत्राकडे गेली. त्या रात्री जेवताना ती भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी, कुणाचं जॅकेट तातडीचं आहे, ते. तिसऱ्या दिवशी तेही नाही. तोंड फुगवलेलं नव्हतं, आदळआपट नव्हती. विचारलं तर उत्तर मिळत होतं. "त्या रंगाऱ्याचं काही झालं का?" असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, "अर्ज केलाय," आणि ताटं उचलली. ज्या बोलण्याने तो इतके दिवस जळत होता, ते बोलणं बंद झालं. आता जळायलाही काही उरलं नव्हतं.

रविवारी दुकान बंद असतं. कडकराव मागच्या गल्लीत गेला. त्या गल्लीतलं गटार एरवी कधी निळं, कधी तांबडं, कधी कारल्याच्या रसासारखं हिरवं वाहायचं. पोरं त्यावर पैजा लावायची. आज ते कोरडं होतं. रंगारी पायरीवर बसला होता, मांडीवर हात ठेवून. नखांमधला निळा रंग तेवढा अजून होता.

"या," तो म्हणाला. "बाईंनी पाठवलं का?"

"नाही. मीच आलो."

"बसा. बाईंना मी परवा नाही नाही ते बोललो. धंद्यावर गदा आली की माणसाची जीभ सुटते. त्या उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, सील काढायचं बघू. सांगा त्यांना, म्हाताऱ्याने मनात काही ठेवलेलं नाही."

हाही एक निरोपच होता. एवढा घेऊन घरी जाता आलं असतं. तिने झाकलं होतं, ते झाकलेलंच राहिलं असतं.

"काका, तुमचा निरोप मी तिला दिलाच नव्हता," कडकराव म्हणाला. "सवड नाही हे तिचं बोलणं नव्हतं. माझं होतं."

रंगारी त्याच्याकडे वळला.

"का हो? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"तुम्ही नाही. लोक तिला विचारतात, ते मला सहन होईना."

म्हाताऱ्याने मान हलवली. "लोक शेजाऱ्यावर जळतात. तुम्ही घरच्या घरीच सोय केलीत." तो हसला नाही, पण रागावलाही नाही. "हे सांगायला इथवर आलात. आणि घरी?"

"तिला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं," रंगारी म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "आलाच आहात तर चला. दाराला सील आहे, मागच्या अंगणाला नाही."

अंगणात रिकामे ड्रम, वाळूचा ढीग, गोटे आणि कोळशाची पोती पडली होती. संस्थेच्या मुलीने आणि बाईंनी मिळून आराखडा दिला होता. रंगाचं पाणी आधी पहिल्या ड्रममध्ये निवू द्यायचं, मग चुना आणि तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, मग वाळू-कोळशातून गाळायचं, आणि निघालेलं पाणी गटारात न सोडता गडद रंगाच्या पहिल्या विसळणीला वापरायचं. गाळ वाळवून ऑफिसच्या गाडीत द्यायचा. हे उभं करून दाखवलं तर सील काढू, असं ऑफिसने कबूल केलं होतं. पण ड्रम बसवायला खणायचं कुणी? रंगाऱ्याची पाठ वाकत नव्हती.

कडकरावने खळ घातलेल्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फावडं घेतलं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत शर्टाची खळ घामाने पार गेली होती.

ती आली तेव्हा तो गुडघाभर खड्ड्यात उभा होता. ती अंगणाच्या तोंडाशी थांबली. रंगाऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. रंगारी गोटे धुण्यात गढून गेल्यासारखा खाली वाकला, ती न वाकणारी पाठ घेऊन.

"काकांना सांगितलं मी," कडकराव म्हणाला. "खरं काय ते." आणि मग, फावड्याच्या दांड्याकडे बघत, "तुलाही सांगायला हवं होतं. मी खोटं बोललो. मुद्दाम बोललो."

पुढे येऊन तिने ड्रमच्या काठावर हात ठेवला, डोळा बारीक करून पाहिलं.

"हा तिरका बसलाय," ती म्हणाली. "पाणी एका अंगाला जाईल."

त्याने ड्रम काढला, खड्ड्याचा तळ सारखा केला, पुन्हा बसवला.

ऑफिसचा माणूस तपासणीला आला तो महिनाअखेरीस. तरुण होता, चष्मा लावणारा, घाईत असलेला. रंगाऱ्याने घरातून खुर्ची आणली, पण तो बसला नाही. "कोण समजावून सांगणार?" त्याने विचारलं.

"बाई सांगतील," रंगारी म्हणाला.

ती सांगायला लागली. पहिल्या ड्रममध्ये काय होतं, गाळ खाली का बसतो, कोळसा किती दिवसांनी बदलायचा. सुरुवातीला तो माणूस घड्याळाकडे बघत होता. मग बघायचा थांबला. मग त्याने मान जराशी कलती केली.

कडकरावच्या छातीत ओळखीची कळ आली. इतकं सगळं होऊनही ती गेलेली नव्हती. जाईल असं आता त्याला वाटतही नव्हतं.

"आपण कोण?" ऑफिसच्या माणसाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "इथेच काम करता का?"

रंगारी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कडकराव म्हणाला, "मी बाईंकडे असतो."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. ओठाच्या कडेला काहीतरी हललं, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. ती पुन्हा ऑफिसच्या माणसाकडे वळली.

"शेवटचं पाणी बघायचंय ना तुम्हाला? अहो, ते झाकण जरा उचला."

झाकण लोखंडी होतं, जड होतं. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून धरलं. ऑफिसचा माणूस आत वाकला. पाणी किती स्वच्छ आहे ते बघायला एक क्षण पुरला असता, पण बाईंना अजून बरंच सांगायचं होतं. त्या सांगत राहिल्या, आणि कडकराव झाकण धरून उभा राहिला.