हत्तीची सावली

ताईचा हत्ती काही केल्या जमिनीवर टेकेना. मुलांच्या पुस्तकातलं शेवटचं चित्र होतं: स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली हत्ती गाढ झोपलाय. रेघा झकास उतरल्या होत्या, राखाडी रंगही भरून झाला होता, पण हत्ती आपला तरंगतोय. आईने मागून डोकावून विचारलं, "हत्ती आहे की वाळत घातलेली चादर?"

आजवरच्या साऱ्या पुस्तकांत रेघा ताईच्या आणि सावल्या धाकट्या बहिणीच्या. संगणकावर चित्राचे थर एकावर एक असतात, पारदर्शक कागद ठेवावेत तसे. आपलं काम झालं की ताई वर एक कोरा थर ठेवायची, त्याला 'सावली' असं नाव द्यायची आणि खुर्ची रिकामी करायची. मग धाकटी बसायची. "काळी नको गं, सावली जांभळी असते," म्हणत रंगवायची आणि बघता बघता चित्रातल्या वस्तूंना वजन यायचं.

मग धाकटीला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघताना तिने विचारलं, "माझ्यावाचून तुझं अडेल ना गं?" ताई फणकाऱ्याने म्हणाली, "छे! रंग काय, कोणीही भरेल." तेव्हापासून दोघींत अबोला. या पुस्तकाची आधीची पानं धाकटीने जाण्यापूर्वीच रंगवली होती, राहिलं होतं ते एवढंच. खरं सांगायचं तर पान गेलं खड्ड्यात, ताईला धाकटी हवी होती. पण बाई मानी! माफी मागायला जीभ रेटेना.

शेवटी तिने चित्रावर कोरा थर ठेवला, 'सावली' नाव दिलं आणि फाइल धाडून दिली. सोबत एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. तिच्यासोबतही एक अक्षर नाही. पण हत्ती टेकला होता! पोटाखाली जांभळा अंधार, सोंडेच्या वळीत ऊब. ताईचे डोळे भरून आले. मग तिच्या लक्षात आलं, सावल्या उलट्या पडल्यात. आधीच्या प्रत्येक पानावर उजेड डावीकडून येत होता, कारण या खोलीची खिडकी डावीकडे आहे आणि धाकटी त्या खिडकीकडे बघूनच रंगवायची. इथे उजेड उजवीकडून आला होता.

असली चूक धाकटी करत नसे. ताई कितीतरी वेळ त्या उजेडाकडे बघत राहिली. धाकटी आता कुठल्या खोलीत बसते, हे तिने कधी पाहिलंही नव्हतं, विचारलंही नव्हतं.

सावलीला हात न लावता तिने उजवीकडच्या कोऱ्या भिंतीत एक खिडकी काढली. फाइल पुन्हा पाठवली आणि या वेळी लिहिलं, "तुझी खिडकी उजवीकडे आहे का गं? माझं अडतं."

उत्तर लगेच आलं. "हो. बाहेर नुसती भिंत दिसते. बघायला ये ना, ताई."

"आई," ताईने हाक मारली, "आपली मोठी बॅग कुठे आहे?"

"पलंगाखाली," आई आतून म्हणाली. "केव्हाची पुसून ठेवलीय."