थेरेसाचे दोन दिवस

"कांदा नको, गाडी बोलवा!" वसुंधरा ओरडली आणि बॅप्टिस्टच्या छातीवर दोन्ही हात ठेवून जोरजोरात दाबू लागली.

वालीवच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, बॅप्टिस्ट फिटर. जेवणाच्या सुट्टीत तो बाकावरून घसरला. श्वास बंद. वर्षापूर्वी वसुंधराही नाकाशी धरायला कांदाच शोधत धावली असती. पण २००३ साली नगरपालिकेनं आपल्या खर्चानं स्वयंसेवकांना तातडीचे उपचार शिकवायचा वर्ग काढला. आचोळ्याहून दर रविवारी जाऊन तिनं तो पुरा केला होता.

रुग्णवाहिका दारात आली तेव्हा बॅप्टिस्टनं घोगरा श्वास घेतला.

तिसऱ्या दिवशी मात्र दवाखान्यात त्यानं प्राण सोडलाच. आपलंच काही चुकलं, असं वसुंधरानं मनाशी धरलं. मातीलाही गेली नाही.

पुढच्या वर्गाला पैसे द्यायचे का, यावर महिन्याभरानं नगरपालिकेच्या साहेबांनी बैठक घेतली. वसुंधराला बोलावलं होतं. बॅप्टिस्टची बायको थेरेसा न बोलावता येऊन मागं बसली होती.

"वर्षभरात एक पेशंट," साहेब म्हणाले, "आणि तोही वाचला नाही. त्यापेक्षा रस्ते करू."

थेरेसा उठली.

"तो पेशंट माझा नवरा, साहेब. त्याच दुपारी गेला असता तर मला नुसता निरोप आला असता. तसं झालं नाय. दोन दिवस बोलला माझ्याशी. लेक सात वर्षं रुसून नाशिकला होती, ती धावत आली. तिच्या हातची पेज प्यायला." ती वसुंधराकडे वळली. "तुझ्यामुळं, बाय. आणि तुला ज्यांनी शिकवलं, त्यांचेपण उपकार."

महिनाभर अडवलेलं रडू वसुंधराला आवरेना. साहेबांनी वर्गाच्या मंजुरीचा कागद पुढं ओढून सही केली.

नव्या वर्गात पहिलं नाव थेरेसाचं. रबरी पुतळ्याशेजारी ती गुडघ्यांवर बसली. शिकवायला मदतीला आलेल्या वसुंधरानं तिचे हात नीट जागेवर ठेवले.

"दाबा, मावशी. अजून जोरात."

थेरेसा दाबू लागली. घाम फुटला, केसांची गाठ सुटली.

"पुरे आता, मावशी. जमलं तुम्हाला."

थेरेसा थांबली नाही. वसुंधरानं बाकीच्यांना हातानंच थोपवलं आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसून राहिली.